वकिलाला सांगितलेली गोष्ट बाहेर येते ती कुणाच्या तोंडून?

चोपडा तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलंय. प्रश्न लांब आहे म्हणून आधी थोडक्यात मांडतो. वडील वारले, शेती दोघा भावांच्या नावावर करायची होती, बहीण सासरी. एक संमतीपत्र स्टॅम्पवर लिहिलं, नोटरी केलं आणि त्यावर बहिणीची सही मोठ्या भावाने स्वतःच ठोकली. त्यावरून फेरफारही मंजूर झाला. पुढे बहिणीची नोटीस आली तेव्हा हे वकिलांकडे गेले, सोबत मोठा भाऊ आणि मामा, आणि सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून टाकलं. वकिलांनी मत लिहून व्हॉट्सॲपवर पाठवलं ते यांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं. आता बहिणीने वाटपाचा दावा लावलाय, पोलिसांत बनावट सहीची तक्रार दिलीय, आणि ठाण्यातून कुणीतरी यांना म्हणालं की तुमच्या वकिलालाच बोलावून विचारतो. शिवाय यांना वकील बदलायचाय, पण जुने वकील तिकडच्या पार्टीला जाऊन सगळं सांगतील अशी धास्ती आहे.

भाऊ, आधी मनातली भीती काढतो. तुम्ही वकिलाला त्यांच्या धंद्याच्या नात्याने जे सांगितलं ते तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय वकील कोर्टात सांगू शकत नाही, पोलिसांना सांगू शकत नाही, बहिणीच्या वकिलाला बाररूममध्ये चहा पितापितासुद्धा सांगू शकत नाही. तुमच्या केसमध्ये मला धोका दिसतो तो मामा, मोठा भाऊ आणि त्या ग्रुपचा, आणि त्याच्याहूनही मोठा धोका तुम्ही पुढे त्या संमतीपत्राचं काय करणार याचा. एकेक सांगतो.

कायदा कुठला ते आधी. १ जुलै २०२४ पासून १८७२ चा पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ आला. जुन्यात वकील-पक्षकाराची कलमं १२६ ते १२९ होती, नव्यात ती १३२, १३३ आणि १३४ झाली. तुमचा दावा त्या तारखेच्या आधी दाखल झाला असेल तर जुनाच कायदा लागेल, नंतरचा असेल तर नवा. पण घाबरू नका, मुद्दा दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे. जुन्यात बॅरिस्टर, अॅटर्नी, प्लीडर, वकील अशी यादी होती, नव्यात सरळ अॅडव्होकेट म्हटलंय.

१३२ वकिलाला बांधतं. तुम्ही किंवा तुमच्या वतीने कुणी वकिलाला सांगितलेलं बोलणं, कामाच्या निमित्ताने त्यांनी पाहिलेल्या कागदातला मजकूर आणि तो कागद कुठल्या अवस्थेत होता ते, आणि त्यांनी तुम्हाला दिलेला सल्ला, या तिन्ही गोष्टी त्यांना उघड करता येत नाहीत. आणि हे बंधन काम संपल्यावरही संपत नाही, कायद्यात तसं स्पष्टीकरणच दिलंय. म्हणजे तुम्ही उद्या वकील बदलला, फी वरून भांडण झालं, दहा वर्षं गेली, तरी त्यांचं तोंड बंदच. हा हक्क वकिलाचा नाही, तुमचा आहे. वकिलाला वाटलं म्हणून तो सोडू शकत नाही, आणि तुम्ही सोडायचा ठरवला तर वकील अडवूही शकत नाही.

१३४ तुमच्या बाजूने आहे. तुम्ही आणि तुमचा कायदे सल्लागार यांच्यात काय गोपनीय बोलणं झालं ते कोर्टात सांगा अशी सक्ती तुमच्यावर करता येत नाही. याला एक अपवाद आहे, तुम्ही स्वतः साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे राहिलात तर. त्यावर पुढे येतो, कारण खान्देशातल्या वाटपाच्या दाव्यांमध्ये लोक नेमके तिथेच फसतात.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, ही बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही. या दोन्ही कलमांनी दोनच तोंडं बंद केलीयेत, वकिलाचं आणि तुमचं. वकिलाच्या बाजूचे मुन्शी, कर्मचारी आणि दुभाषी यांनाही १३२ मध्ये धरलंय, म्हणजे वकिलांच्या टेबलाशेजारी बसून तुमचा अर्ज टाईप करणारा पोरगा बाहेर बोलू शकत नाही. दुभाष्याचा मुद्दा आपल्याकडे फार कामाचा. अक्कलकुवा, धडगावकडून सातपुड्यातली माणसं नंदुरबारला किंवा शहाद्याला वकिलाकडे येतात तेव्हा भिलोरी नाहीतर पावरी बोलणाऱ्या माणसाचं म्हणणं मराठीत करून सांगायला गावातलं एखादं शिकलेलं पोरगं सोबत असतं, आणि तो दुभाषी म्हणून बसलेला असेल तर त्यालाही हेच बंधन आहे. पण मी अशा वेळी वकीलपत्राबरोबर एका साध्या कागदावर लिहूनच घेतो की हा अमुक माणूस दुभाषी म्हणून बसला, कारण पुढे कुणी म्हणालं की तो तर नुसता सोबत आला होता, तर वाद नको.

आणि तुमचे मामा? ते ना वकील, ना मुन्शी, ना दुभाषी. त्यांच्यावर कुठल्याच कलमाचं बंधन नाही. उद्या बहिणीने मामांना साक्षीदार केलं आणि मामा म्हणाले की माझ्यासमोर भाच्याने वकिलाला सांगितलं की सही थोरल्याने केली, तर तुमचा वकील उठून गोपनीयतेचा आक्षेप घेईल, घ्यायलाच पाहिजे, पण मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही, तो आक्षेप टिकेल याची खात्री नाही. ते बोलणं गोपनीय होतं का, हाच पहिला प्रश्न विचारला जातो. मुंबई हायकोर्टाने १८७८ सालीच म्हणून ठेवलंय की नुसतं वकिलाशी बोलणं झालं म्हणून भागत नाही, ते बोलणं गोपनीय स्वरूपाचं असायला लागतं. आता मामा-मावसा, शेजारचा पोलीस पाटील आणि माजी सरपंच अशी पाच माणसं घेऊन तुम्ही केबिनमध्ये बसलात तर ते बोलणं गोपनीय ठेवायचं होतं असं कोर्टाला कसं पटवणार?

आपल्याकडे वकिलाकडे एकटं जायची पद्धतच नाही, हे मला माहितीये. अमळनेर, पारोळा, एरंडोल कुठूनही माणूस येतो तो घरचे चार जण घेऊनच, आणि त्यात वाईट काही नाही, माणसाला आधार लागतो, विशेषतः म्हातारं माणूस किंवा बाई असेल तर. मी काय करतो, सगळ्यांना बसवतो, पाणी देतो, तारखा, गट नंबर, सातबारा, कोण कुणाचा कोण हे सगळं सगळ्यांसमोर विचारतो, आणि मग बाकीच्यांना म्हणतो की थोडा वेळ बाहेर बसा. काही लोकांना राग येतो. येऊ दे. एकट्या माणसाने मान खाली घालून "साहेब, सही मीच करेल शे", म्हणजे सही मीच केलीय, असं म्हटलं तर ते माझ्यापाशी राहतं, तेच वाक्य मामाच्या देखत म्हटलं तर ते मामाच्या स्वभावावर अवलंबून राहतं. आणि भाऊबंदकी सुरू झाली की मामा कुणाकडे जाईल हे कुणी सांगावं.

तसंच जागेचं. कोर्टाच्या आवारात टपरीवर, झाडाखालच्या टेबलावर, चोपडा-जळगाव एसटीत शेजारी बसून, असं बोलणं चारचौघांच्या कानावर पडतं आणि ऐकणाऱ्यावर काही बंधन नसतं. लग्नाच्या पंगतीत ओळखीचा वकील भेटला आणि गप्पांच्या ओघात तुम्ही बोलून गेलात, तर ते त्याच्या वकिलीच्या कामासाठी सांगितलेलं होतं का हाच वाद होईल. दुसऱ्या बाजूला, फी दिली नाही, वकीलपत्रावर सही केली नाही म्हणून संरक्षण मिळत नाही असं मात्र समजू नका. केस द्यावी का म्हणून सल्ला घ्यायला तुम्ही केबिनमध्ये गेलात, सगळं सांगितलं, आणि मग दुसऱ्याच वकिलाकडे गेलात, तरी पहिल्याने ते पोटात ठेवायचं असतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळालेल्या वकिलालाही हेच सगळं लागू आहे, सरकार पैसे देतं म्हणून तो सरकारला सांगेल हा समज डोक्यातून काढा. मात्र सरकारी वकील ही वेगळी गोष्ट, फिर्यादी लोक त्यांना आपला वकील समजून मन मोकळं करतात, पण ते शासनाची बाजू चालवतात, तिथे हे संरक्षण गृहीत धरू नका.

अजून कुणाकुणाला हे लागू नाही ते सांगून टाकतो. तुमचे सीए, कर सल्लागार, दस्तलेखक, स्टॅम्प वेंडर, तलाठी, डॉक्टर, यांच्यापैकी कुणालाही वकिलासारखं संरक्षण कोर्टात नाही. आणि गावातला कायद्याचं कळणारा माणूस, जो प्रत्येक गावात एक असतोच, त्यालाही नाही. कारखाना, बँक, सूतगिरणी यांच्याकडे पगारावर असलेले कायदा अधिकारी, त्यांच्याबद्दल सुप्रीम कोर्टाने ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात स्पष्टच सांगितलं की १३२ चं संरक्षण त्यांना मिळत नाही, कारण ते कोर्टात प्रॅक्टिस करणारे अॅडव्होकेट नाहीत.

तो निकाल तुमच्या पोलिसांच्या प्रश्नाला थेट लागू होतो, म्हणून जरा सविस्तर. गुजरातमध्ये पोलिसांनी आरोपीच्या वकिलालाच बीएनएसएस, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिच्या कलम १७९ खाली नोटीस काढली, म्हणजे साक्षीदाराला बोलावतात ती. त्याच सुमारास ईडीने कायदेशीर मत दिलं म्हणून सुप्रीम कोर्टातल्या सीनियर वकिलांना समन्स काढले आणि मग मागेही घेतले. वकिलांमध्ये फार अस्वस्थता होती, सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली आणि तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, न्यायमूर्ती विनोद चंद्रन आणि न्यायमूर्ती अंजारिया यांच्या बेंचने निकाल दिला. त्यात असं ठरलं की केसची माहिती काढायला तपासी अंमलदार आरोपीच्या वकिलाला समन्स काढू शकत नाही. १३२ मधल्या अपवादात (तो पुढे सांगतो) बसत असेल तरच काढता येईल, आणि तेव्हाही कुठल्या गोष्टींमुळे अपवाद लागतो ते समन्समध्ये स्पष्ट लिहायचं, आणि त्याआधी एसपी म्हणजे पोलीस अधीक्षकाच्या खालचा नाही अशा वरिष्ठाची लेखी मंजुरी घ्यायची. त्या समन्सला वकील किंवा पक्षकार बीएनएसएस ५२८ खाली हायकोर्टात आव्हान देऊ शकतो, म्हणजे आपल्याला औरंगाबाद खंडपीठात.

म्हणजे ठाण्यातलं ते बोलणं तुम्हाला घाबरवायला होतं असं मी धरतो. तुमच्या वकिलांना तसं तोंडी बोलावणं आलं तर ते जाणार नाहीत, जायची गरजही नाही.

पण कागदाचं वेगळं आहे, आणि इथे लोकांचा मोठा गैरसमज. बऱ्याच जणांना वाटतं की कागद वकिलाच्या फाइलला लावला की तो सुरक्षित झाला, पोलीस हात लावू शकत नाहीत. असं नाही. जो कागद आधीपासून अस्तित्वात आहे, तुमचं ते संमतीपत्र, तो वकिलाकडे दिल्याने गोपनीय होत नाही. त्याच निकालात कोर्टाने म्हटलंय की कागद हजर करणं हे १३२ च्या संरक्षणात येत नाही, फक्त फौजदारी केसमध्ये तो पोलिसांच्या हातात न देता कोर्टासमोर हजर करायचा, आणि मग त्यावर काय आक्षेप आहेत ते कोर्ट ऐकेल. वकिलाचा मोबाईल किंवा लॅपटॉप मागितला तर तोही कोर्टासमोरच, पक्षकाराला नोटीस देऊन, आक्षेप ऐकून, आणि उघडायची वेळ आलीच तर पक्षकार आणि वकील यांच्या समोर, त्यांच्या पसंतीचा तांत्रिक माणूस घेऊन, बाकीच्या पक्षकारांची माहिती बाहेर जाणार नाही याची काळजी घेऊन. तुम्ही वकील लावलाय ही गोष्ट, कुठल्या तारखेला भेटलात, यात गुपित असं काही धरलं जात नाही. गुपित असतं ते आतल्या बोलण्याचं.

आता अपवाद, म्हणजे जिथे सगळं सांगूनही संरक्षण मिळत नाही. कायद्यात यासाठी उदाहरणं दिलीयेत आणि ती वाचली की तुमची केस समोर उभी राहते. पहिलं, पक्षकार वकिलाला म्हणतो की मी बनावट कागद केलाय, माझा बचाव करा. हे गोपनीय. कारण दोषी माणसाचा बचाव करणं हा काही गुन्हा नाही. दुसरं, पक्षकार म्हणतो की या बनावट खरेदीखताच्या जोरावर मला जमीन ताब्यात घ्यायचीय, तुम्ही दावा लावा. हे गोपनीय नाही. कारण इथे वकिलाचाच वापर गुन्ह्यासाठी होतोय.

भाऊ, या दोन उदाहरणांच्या मधोमध तुम्ही उभे आहात. आजपर्यंत तुम्ही वकिलांना सांगितलं ते झालेल्या गोष्टीबद्दल, सही झाली, थोरल्याने केली, आता काय करू. ते पहिल्या उदाहरणात बसतं. पण उद्या तुम्ही वकिलांना म्हणालात की कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, लिहा की बहिणीने राजीखुशीने सही केली आणि ते संमतीपत्र कोर्टात दाखल करा, तर तुम्ही दुसऱ्या उदाहरणात शिरलात. तिथून पुढचं बोलणं बेकायदेशीर हेतूसाठी झालेलं धरलं जाईल आणि मग त्या समन्सला एसपीची मंजुरी मिळायला वेळ लागणार नाही. वर बनावट दस्त खरा म्हणून वापरण्याचा गुन्हा वेगळा. आत्ता कदाचित सही करणारा भाऊ एकटा आरोपी असेल, कागद वापरला की तुम्हीही त्यात आलात.

तिसरं उदाहरणही बघून ठेवा. अफरातफरीच्या आरोपातला माणूस वकील लावतो, आणि खटल्याच्या ओघात वकिलाच्या लक्षात येतं की हिशोबाच्या वहीत एक नोंद नंतर घातलीय, वकील लागला तेव्हा ती नव्हती. ही गोष्ट गोपनीय नाही, कारण गुन्हा वकील लागल्यानंतर घडलाय आणि वकिलाच्या डोळ्यासमोर आलाय. म्हणून फाइल वकिलाकडे दिल्यावर त्यातलं पान बदलणं, जुन्या तारखेची पावती आणून लावणं, साक्षीदाराची सही नंतर घेणं, असलं काही कुणी सुचवत असेल, आणि आपल्याकडे सुचवणारे कमी नाहीत, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

माझं स्पष्ट मत विचाराल तर त्या संमतीपत्रावर अवलंबून राहूच नका. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मतः हक्क आला, आणि सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या विनीता शर्मा निकालाने, दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात पाहिजेत का, हा वादही मिटवला, नसले तरी मुलीचा हक्क आहे. जमीन वडिलांची स्वकष्टाची असली तरी मृत्युपत्र नसेल तर बहीण वारस आहेच. फेरफार पडला म्हणून मालकी सिद्ध होत नाही, ती महसुलाची नोंद आहे. बहिणीशी बोला, वकिलांमार्फत बोला, कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात जा, तिथलं बोलणंही गोपनीय ठेवायचं असतं. नाहीतर तुम्ही गोपनीयता सांभाळत बसाल आणि दावा हराल.

आता हक्क कसा सुटतो त्याकडे येतो. सरळ रस्ता म्हणजे तुम्ही स्पष्ट संमती दिली. पण तशी संमती देऊन हक्क सोडणारे थोडे, न कळत सोडणारे जास्त.

तुमचा व्हॉट्सॲपचा प्रकार बघू. वकिलांचं मत ग्रुपवर टाकल्याने वकिलाचं तोंड उघडत नाही, ते बंदच आहे. पण ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आता ते मत आहे, वहिनीच्या, चुलतभावाच्या, कदाचित बहिणीच्या पोराच्याही. त्यांच्यापैकी कुणीही ते साक्ष्य अधिनियम ६३ च्या प्रमाणपत्रासह कोर्टात दाखल करायचा प्रयत्न करू शकतं. आणि आपल्याकडे पुरावा कसा मिळवला यावरून तो सहसा बाद होत नाही, सुप्रीम कोर्टाने १९७४ च्या पूरणमल केसपासून हेच धरलंय, पुरावा संबंधित आहे का हे आधी बघतात. आता डिलीट करत बसू नका, त्याने काही साध्य होत नाही आणि पोलीस तक्रार चालू असताना मेसेज पुसले तर पुरावा नष्ट केल्याचा आरोप अंगावर येऊ शकतो. त्या ग्रुपवर केसबद्दल एक अक्षर पुढे टाकू नका, आणि वकिलांना आजच सांगा की हे मत बाहेर गेलंय. आपल्या हातातून काय गेलंय हे माहीत असेल तरच वकील त्याची तयारी करू शकतो.

दुसरा प्रकार साक्षीचा. तुम्ही सरतपासणीचं, म्हणजे आपली साक्ष लिहून दिलेलं, शपथपत्र देणार, मग उलटतपास होणार. १३३ म्हणतं की तुम्ही साक्ष दिली एवढ्यावरून वकिलाचं तोंड उघडायला संमती दिली असं होत नाही. पण १३४ म्हणतं की तुम्ही स्वतः साक्षीला उभे राहिलात तर, तुमच्या साक्षीचा अर्थ लावायला जेवढं लागेल तेवढं वकिलाशी झालेलं बोलणं तुम्हाला सांगायला कोर्ट लावू शकतं, त्याच्यापलीकडे नाही. दोन्ही एकत्र वाचा, वकिलावर बंधन तसंच राहतं पण तुमच्यावरचं झाकण थोडं सरकतं. किती सरकणार ते तुमच्या शपथपत्रावर अवलंबून. त्यात तुम्ही लिहिलं की मी वकिलांच्या सल्ल्यावरून फेरफारासाठी अर्ज केला, मला त्यांनी सांगितलं की हे कायदेशीर आहे, तर उलटतपासात समोरचा वकील लगेच विचारणार, मग काय सांगितलं होतं वकिलांनी, तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं? आणि तेव्हा कोर्ट तुम्हाला उत्तर द्यायला लावू शकतं. म्हणून शपथपत्रात 'वकिलांच्या सल्ल्याने' हे शब्द गरज नसताना घालू नका, टायपिस्टने जुन्या मसुद्यातून उचलून घातले असतील तर खोडून घ्या.

याचाच भाऊ म्हणजे विलंब माफीचा अर्ज. अपिलाला उशीर झाला की सगळे एकच कारण लिहितात, वकिलांनी निकाल कळवला नाही. खरं असेल तर जरूर लिहा. पण तुम्ही आणि वकील यांच्यात कळवण्यावरून काय झालं हा मुद्दा तुम्हीच कोर्टासमोर मांडलात तर त्यापुरतं विचारलं जाणारच, आणि तो वकील म्हणेल की मी तर त्याच दिवशी कळवलं होतं, हा बघा मेसेज. मग ते प्रकरण तिथेच थांबत नाही.

वकिलालाच साक्षीदार म्हणून बोलावण्याबद्दल १३३ मध्ये छान बारकावा आहे. तुम्ही स्वतःच्या वकिलाला साक्षीला बोलावलं एवढ्याने संमती होत नाही. तुम्ही त्याला गोपनीय गोष्टीबद्दल प्रश्न विचारलात तर, आणि तेवढ्यापुरतीच संमती धरली जाते. बहिणीने तुमच्या वकिलाला बोलावलं तर ती तुमच्या वतीने संमती देऊच शकत नाही. पण एक काळजी घ्या, आपल्याकडे मृत्युपत्रावर, सौदापावतीवर, सब-रजिस्ट्रारकडे ओळख पटवायला वकिलाचीच सही साक्षीदार म्हणून घ्यायची सवय आहे, हाताशी असतात म्हणून. मग तो दस्त कुणी करून दिला, कुणाच्या देखत झाला हे सिद्ध करायला त्याच वकिलाला पिंजऱ्यात जावं लागतं, आणि बार कौन्सिलच्या नियम १३ प्रमाणे ज्या केसमध्ये आपण साक्षीदार होऊ असं वाटतं ती केस वकिलाने घ्यायची नसते. तुम्हाला ऐनवेळी नवा वकील शोधावा लागतो. दस्ताला साक्षीदार दुसरा घ्या.

तुमच्या केसमध्ये अजून एक अवघड जागा आहे, तुमच्या लक्षात आली नसेल. तुमचं आणि मोठ्या भावाचं वकीलपत्र एकाच वकिलाकडे आहे असं दिसतंय. दोघांनी मिळून एक वकील लावला तर बाहेरच्यांपासून बोलणं झाकलेलं असतं, पण दोघांमध्ये आपसात पडदा नसतो. उद्या थोरला म्हणाला की सही धाकट्याने करायला लावली आणि तुम्ही म्हणालात की माझा संबंध नाही, तर तुम्ही दोघं एकमेकांविरुद्ध गेलात, आणि त्या केबिनमध्ये दोघांनी काय सांगितलं ते एकमेकांपासून लपवता येणार नाही. शिवाय दोघांचं हित वेगळं झाल्यावर एकच वकील दोघांना चालवू शकत नाही. सही तुम्ही केलेली नसेल तर तुमचा वकील वेगळा पाहिजे, आणि हे मी तुम्हाला कळकळीने सांगतोय, भावाशी भांडा म्हणून नाही. फौजदारीचा भाग सुरू व्हायच्या आत करा. नव्या वकिलाकडे जाताना भावाला सोबत नेऊ नका.

मग जुने वकील. बार कौन्सिलच्या नियम ३३ प्रमाणे ज्याने एका प्रकरणात तुम्हाला सल्ला दिला, कागद तयार केले, तुमच्या वतीने हजर झाला, तो त्याच प्रकरणात तुमच्या विरोधात उभा राहू शकत नाही. तुमच्या विश्वासाचा गैरफायदा घ्यायचा नाही असा नियम २४ आहे, आणि गोपनीयतेचं कलम मोडायचं नाही असा नियम १७ आहे. मोडलं तर अॅडव्होकेट्स अॅक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार होते, सनद निलंबित होऊ शकते. माझ्या ओळखीतले बहुतेक वकील या बाबतीत पक्के आहेत, तालुक्याच्या कोर्टात तर जास्तच, कारण तिथे एकदा नाव गेलं की पक्षकार फिरकत नाही. फाइल परत द्यायला ते फी बाकी आहे म्हणून अडवू शकत नाहीत, २००० सालच्या आर. डी. सक्सेना निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की फाइलवर वकिलाचा तसा ताबा नसतो, फी वसूल करायला त्यांना वेगळा मार्ग आहे. पण खरी फी बाकी असेल तर देऊन टाका, नाराजीने नातं तोडायचं कारण नाही. फाइल घेताना कुठला कागद मूळ, कुठला झेरॉक्स याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. संमतीपत्राचं मूळ कुणाकडे आहे हे त्या यादीत यायलाच पाहिजे.

अटकेची भीतीही तुम्ही शेवटी विचारलीय. समजा तशी वेळ आलीच, तर बीएनएसएस ३८ प्रमाणे चौकशी चालू असताना वकिलाला भेटायचा हक्क आहे, पूर्ण वेळ शेजारी बसवता येत नाही पण भेट मिळते. ती भेट पोलिसांच्या नजरेसमोर चालेल, ऐकू जाईल अशी नको, तसं तिथल्या साहेबांना शांतपणे सांगा आणि वकिलांनाही सांगू द्या. ठाण्यात पोलिसांना दिलेला कबुलीजबाब कोर्टात तुमच्याविरुद्ध चालत नाही, आणि पोलिसांच्या ताब्यात असताना बाकावर शेजारी बसलेल्या ओळखीच्या माणसाला दिलेली कबुलीही मॅजिस्ट्रेटसमोर नसेल तर चालत नाही, पण ताब्यात नसताना अशा माणसाला जे सांगाल ते चालू शकतं. मोबाईल जप्त केला तर पंचनामा होताना म्हणा की यात माझं वकिलांशी झालेलं बोलणं आहे, तशी नोंद घ्या. नोंद घेतली नाही तर त्याच दिवशी वकिलांमार्फत लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि पुढच्या तारखेला ती कोर्टापुढे ठेवा.